मूल मागे पडले की आपण घाई केली? बालविकासाच्या प्रमुख सिद्धांतांची तुलना

जून महिन्यात शाळा उघडल्या की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच चिंता कानी पडते. शेजारचे मूल चार वर्षांचे असून शंभरपर्यंत अंक लिहिते आणि आपल्या मुलाला अजून पेन्सिलही नीट धरता येत नाही. मग बालवर्गातल्या मुलाला शिकवणी लावली जाते, खेळाची वेळ कमी होते, आणि काही महिन्यांतच त्या बालकावर 'मठ्ठ', 'हट्टी' किंवा 'आळशी' असा शिक्का बसतो. हा शिक्का पुष्कळदा आयुष्यभर पुसला जात नाही.

अशा वेळी घरातील आजी म्हणते, "वेळ आली की येईल त्याला आपोआप." वडील म्हणतात, "थोडा धाक हवाच." मावशी म्हणते, "आधी त्याला जवळ घ्या, मग अभ्यासाचे बघा." या तिघांनी मानसशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. तरीही तिघांच्या तोंडून तीन निरनिराळे सिद्धांत बोलत असतात. मूल कसे वाढते, या प्रश्नावर गेल्या सुमारे शंभर वर्षांत अभ्यासकांनी जी उत्तरे दिली, त्यांची बीजे या घरगुती वाक्यांत सापडतात. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. कारण आपण कोणते उत्तर मनात धरतो, त्यावर आपण मुलाशी कसे वागतो हे ठरते.

वेळ यावी लागते : गेसेल

आजीचे म्हणणे शास्त्रीय भाषेत मांडणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे आर्नल्ड गेसेल (१८८०–१९६१). मूल पालथे पडते, बसते, रांगते, उभे राहते, हा क्रम शरीराच्या व मज्जासंस्थेच्या परिपक्वतेने ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली त्यांनी व हेलन थॉम्पसन यांनी एका जुळ्या बहिणींच्या जोडीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका बहिणीला सेहेचाळिसाव्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला तो त्रेपन्नाव्या आठवड्यापासून केवळ दोन आठवडे दिला. तेवढ्या अल्प सरावात दुसरीने पहिलीला जवळजवळ गाठले. शरीर तयार नसताना घेतलेले श्रम फारसे कामी येत नाहीत, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'वेळ' म्हणजे पंचांगातील एक ठरावीक दिवस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी होती. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून जवळजवळ अठरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारे आणि सोळाव्या महिन्यात चालणारे, ही दोन्ही बाळे निरोगी असू शकतात.

गेसेल यांच्या मांडणीची मर्यादाही स्पष्ट आहे. जिना चढणे हे शरीराचे काम आहे. भाषा, गणित, मैत्री, सत्य-असत्याची जाण या गोष्टी केवळ वाट पाहून येत नाहीत.

मूल स्वतः विचार घडवते : पियाजे

स्वित्झर्लंडचे झां पियाजे (१८९६–१९८०) हे मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. पुढे पॅरिस येथे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करीत असता एका वेगळ्याच गोष्टीने त्यांचे लक्ष वेधले. किती उत्तरे बरोबर आली, यापेक्षा ठरावीक वयाची मुले सारख्याच प्रकारच्या चुका का करतात, हा प्रश्न त्यांना अधिक मोलाचा वाटला. मुलाची चूक अज्ञानामुळे होत नसून तिच्यामागे त्या वयाचा एक स्वतंत्र तर्क असतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

त्यांचा सर्वांत परिचित प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करून पाहता येतो. सारख्या दोन पेल्यांत सारखेच सरबत ओतावे. मुलाच्या देखत एका पेल्यातील सरबत उंच, अरुंद पेल्यात ओतावे आणि जास्त सरबत कशात आहे ते विचारावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवते. सात-आठ वर्षांचे मूल सांगते, "दोन्ही सारखेच, तुम्ही फक्त ओतले." या दोन उत्तरांमध्ये मुलाला कोणी सूत्र पाठ करून दिलेले नसते. वस्तू हाताळून, ओतून, मोजून, फसून त्याचा विचारच बदललेला असतो.

पियाजे यांनी चार अवस्था सांगितल्या. सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल हात, तोंड, डोळे यांनी जग ओळखते. दोन ते सात या काळात भाषा व कल्पना फुलतात, पण एका वेळी एकच बाजू लक्षात येते. सात ते अकरा या काळात प्रत्यक्ष वस्तूंच्या आधाराने तर्क जमतो. अकरा-बारा वर्षांनंतर 'असे असते तर' असा अमूर्त विचार शक्य होतो. ख्रिस्तसभेच्या परंपरेतही सात वर्षे हे विवेकाचे वय मानले गेले आहे. पोप दहावे पायस यांच्या १९१० सालच्या आदेशात प्रथम कम्युनियनसाठी सुमारे सातवे वर्ष सांगताना 'कमी-अधिक' अशी सवलतही ठेवली आहे, ती या दृष्टीने लक्षणीय वाटते.

या अवस्था लवकर कशा आणता येतील, असे पियाजे यांना अमेरिकेत वारंवार विचारले जाई. ते त्याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणत. आज तो प्रश्न मुंबई-पुण्यापासून आपल्या गावांपर्यंत पोहोचला आहे.

पुढील संशोधनाने पियाजे यांच्या मांडणीत दुरुस्त्या केल्या. १९७४ साली मॅक्गॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी स्कॉटलंडमध्ये मण्यांच्या दोन ओळींचा प्रयोग थोडा बदलून केला. प्रौढाने ओळ पसरवण्याऐवजी एक खोडकर अस्वलाचे बाहुले येऊन ती विस्कटते, असे दाखवले. तेव्हा 'दोन्ही ओळी सारख्याच' असे अचूक उत्तर देणाऱ्या लहान मुलांची संख्या खूपच वाढली. मोठा माणूस गंभीरपणे काही बदलतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तेव्हा आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटते. मुलाची परीक्षा घेताना आपण प्रश्न कसा विचारतो, यावरही त्याचे उत्तर अवलंबून असते, हा धडा प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिकणे दोघांत घडते : व्हायगॉट्स्की

पियाजे यांच्याच जन्मसाली, १८९६ मध्ये, तत्कालीन रशियन साम्राज्यात लेव्ह व्हायगॉट्स्की जन्मले. क्षयरोगाने १९३४ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोव्हिएत राजवटीत त्यांचे लेखन वीस वर्षे दडपले गेले. 'विचार आणि भाषा' हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली इंग्रजीत आला, तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख झाली.

पियाजे यांच्या चित्रातील मूल एकट्याने शोध घेते. व्हायगॉट्स्की यांच्या चित्रात मुलाशेजारी नेहमी कोणीतरी असते. आई, आजोबा, ताई किंवा शिक्षक. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्या माणसाच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमध्ये एक पट्टा असतो. त्याला त्यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. खरे शिकणे या पट्ट्यात होते. त्याच्या अलीकडचे काम मुलाला कंटाळवाणे होते, पलीकडचे भीतिदायक. पोहायला शिकवणारा काका पोटाखाली हात धरतो, हळूहळू सैल करतो आणि एके दिवशी काढून घेतो. १९७६ साली वुड, ब्रुनर व रॉस यांनी अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहिली की परांची उतरवावी लागते.

खेळताना स्वतःशीच बडबडणाऱ्या मुलाविषयीही या दोघांचे मतभेद बोलके आहेत. ही बडबड म्हणजे दुसऱ्याच्या दृष्टीने विचार न जमण्याची खूण आहे, असे पियाजे यांना प्रारंभी वाटले. व्हायगॉट्स्की यांच्या मते तो मोठ्यांकडून ऐकलेल्या भाषेचा मुलाने स्वतःला सावरण्यासाठी केलेला उपयोग आहे. हीच बडबड पुढे आत वळून मूक विचार होते. नंतरच्या संशोधनाने या बाबतीत व्हायगॉट्स्की यांच्या बाजूने कौल दिला आहे. तेव्हा गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला 'तोंड बंद ठेव' म्हणणे म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेण्यासारखे आहे.

धाक, बक्षीस आणि उदाहरण : वर्तनवादी

आता वडिलांच्या मताकडे वळू. अमेरिकेतील जॉन वॉटसन (१८७८–१९५८) यांच्या मते मूल ही कोरी पाटी असून योग्य सवयी लावल्या की हवे ते घडते. १९२८ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी मुलांना मांडीवर घेणे व त्यांचे मुके घेणे टाळावे, असा सल्ला दिला. तो त्या काळी आधुनिक समजला गेला, हे आज वाचताना आश्चर्य वाटते.

बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांची मांडणी अधिक काटेकोर होती. ज्या वर्तनानंतर काही सुखद घडते, ते वर्तन पुन्हा घडते. रडणाऱ्या मुलाला दुकानात चॉकलेट मिळाले, तर पुढच्या खेपेस ते अधिक जोराने रडेल. मात्र वर्तनवाद म्हणजे मारझोड, असा समज चुकीचा आहे. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरते दबते, नवे काही शिकवले जात नाही, असे स्वतः स्किनर सांगत असत. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली आहे.

अल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी या विचाराला महत्त्वाची जोड दिली. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर त्यांनी प्रयोग केला. काही मुलांनी एका प्रौढाला हवा भरलेल्या बाहुल्याला मारताना, लाथाडताना पाहिले. नंतर एकटी सोडल्यावर त्यांनीही तेच केले, कित्येकदा त्याच शब्दांसह. त्यांना कोणी बक्षीस दिले नव्हते, की शिकवलेही नव्हते. मुले आपले सांगणे ऐकतात त्याहून आपले वागणे अधिक पाहतात, हे जुने शहाणपण येथे प्रयोगाने सिद्ध झाले.

तरीही सवय आणि अनुकरण यांनी सर्व उलगडा होत नाही. घरात सर्वजण 'केले' म्हणत असताना लहान मूल 'करले' म्हणते. हा शब्द त्याने कोणाकडून ऐकलेला नसतो. 'धरले', 'भरले' यांवरून त्याने स्वतः नियम काढलेला असतो. मूल भाषेची नक्कल करीत नाही, तिचे नियम शोधते, हा मुद्दा नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली स्किनर यांच्या पुस्तकावरील टीकालेखात जोरकसपणे मांडला होता.

आधी विश्वास : एरिकसन आणि बोल्बी

मावशीच्या मताला आधार देणारी परंपरा सिग्मंड फ्रॉईड (१८५६–१९३९) यांच्यापासून सुरू होते. बालपणीच्या भावना प्रौढ जीवनावर सावली टाकतात, हा त्यांचा विचार टिकला. त्यांनी सांगितलेल्या अवस्थांचा तपशील मात्र आज फारसा मानला जात नाही, कारण तो मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या आठवणींवर आधारलेला होता.

एरिक एरिकसन (१९०२–१९९४) यांनी १९५० सालच्या आपल्या ग्रंथात आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर एक कसोटी असते. पहिल्या वर्षी प्रश्न असतो, या जगावर विश्वास ठेवावा की नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा 'मी करणार' हा हट्ट म्हणजे स्वावलंबनाची धडपड असते. शाळेच्या वयात 'मला जमते' ही भावना रुजते किंवा न्यूनगंड घर करतो. किशोरवयात 'मी कोण' हा प्रश्न उभा राहतो. एरिकसन १९६२ साली अहमदाबादला आले होते, आणि पुढे महात्मा गांधींवरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला.

इंग्लंडचे जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली युद्धोत्तर काळातील निराधार मुलांविषयी अहवाल लिहिला. बाळाला दुधाइतकीच एका स्थिर, प्रेमळ माणसाची गरज असते, हे त्यांचे सूत्र. त्या काळी इंग्लंडच्या अनेक रुग्णालयांत आजारी मुलांना आईवडिलांना क्वचितच भेटू देत. बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. अशा प्रयत्नांमुळे ते नियम हळूहळू बदलले. एका सिद्धांताने हजारो मुलांचे अश्रू थांबवले, असे येथे म्हणता येईल.

मेरी एन्सवर्थ यांनी युगांडा व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे आई-बाळांचे निरीक्षण करून दाखवले की, ज्या बाळाला परत जवळ घेतले जाण्याची खात्री असते, ते अधिक निर्भयपणे दूर जाऊन खेळते. माया केल्याने मूल परावलंबी होते, या समजुतीला हे उत्तर होते. बोल्बी यांचा भर एकट्या आईवर अधिक होता, अशी टीका पुढे झाली. आजी, काकू, आत्या यांच्या हातांवर वाढलेल्या आपल्याकडील मुलांना एकाहून अधिक आधार असतात. भारतीय बालपणाचा असा विचार सुधीर कक्कर यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात केला आहे.

घराभोवतीची वर्तुळे : ब्रॉनफेनब्रेनर

मॉस्कोत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले युरी ब्रॉनफेनब्रेनर (१९१७–२००५) यांनी १९७९ साली आणखी एक बाजू पुढे आणली. मुलाभोवती वर्तुळे असतात. सर्वांत आत घर व शाळा, मग त्यांचे परस्परसंबंध, त्यापलीकडे वडिलांची पाळी किंवा आईची लोकलची वेळ, आणि सर्वांबाहेर समाजाचे कायदे व समजुती. जी आई रात्री नऊला घरी पोहोचते, तिला 'मुलाला वेळ द्या' असे नुसते सांगून भागत नाही.

हा विचार ग्रंथरूपाने येण्याच्या कितीतरी आधी आपल्या परिसरात कृतीत उतरला होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे कार्य आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि बिया, पाने, खडे, शिंपले वापरले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या डोक्यात न शोधता त्याच्या दिवसभराच्या जगण्यात शोधले.

एकच मूल, अनेक उत्तरे

आता हे सर्व एका उदाहरणावर लावून पाहू. पहिलीतील सहा वर्षांचे मूल वजाबाकीची वही उघडली की रडते.

गेसेल विचारतील, त्याचा हात लिहिण्यास तयार आहे का? पियाजे विचारतील, त्याने चिंचोके मोजून, काढून, परत ठेवून पाहिले आहेत का, की थेट चिन्हेच समोर आली? व्हायगॉट्स्की विचारतील, शेजारी बसून पहिले पाऊल टाकायला कोणी मदत करते का? स्किनर विचारतील, रडल्यावर वही मिटली जाते का? बांडुरा विचारतील, घरात कोणाला हिशेब करताना, वाचताना ते पाहते का? एरिकसन व बोल्बी विचारतील, चुकल्यावर आपण नावडते होऊ, अशी त्याला भीती आहे का? ब्रॉनफेनब्रेनर विचारतील, त्या घरात संध्याकाळी काय चालले आहे?

या प्रश्नांत परस्परविरोध कमी आणि पूरकता अधिक आहे. प्रत्येक अभ्यासकाने मुलाची एक बाजू उजेडात आणली. खरे मतभेद तीन ठिकाणी आहेत. वाढ मुख्यतः आतून होते की बाहेरून, हा पहिला. ती पायऱ्यांनी होते की उतारासारखी सलग, हा दुसरा. आणि सर्व समाजांत ती सारखीच असते का, हा तिसरा. आजचे संशोधन तिन्ही बाबतींत टोकाच्या भूमिका टाळते. निसर्ग आणि संगोपन हातात हात घालून चालतात, पायऱ्यांच्या कडा पुसट असतात, आणि संस्कृतीचा प्रभाव पूर्वी वाटला त्याहून मोठा आहे.

पालकांनी यातून काय घ्यावे

चारपाच वर्षांच्या मुलाला लेखनाची सक्ती करण्यास यातील कोणत्याही सिद्धांताचा आधार मिळत नाही. वर्तनवादीसुद्धा छोट्या पायऱ्या व यशाचा अनुभव यांवरच भर देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृती यांना प्राधान्य दिले आहे.

दुसऱ्या बाजूने, 'येईल आपोआप' म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नाही. हाक मारली तरी मूल वळून पाहत नसेल, बोलणे फारच मागे असेल, किंवा शिकलेले शब्द व हालचाली ते विसरत चालले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाच्या तपासणीचा समावेश आहे आणि अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांना तिचा लाभ मिळतो.

मुलावर शिक्का मारण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. याची वेळ आली आहे का? याच्या शेजारी कोण बसते? चुकल्यावर याला सुरक्षित वाटते का? आणि हे मूल दिवसभर आपल्याला काय करताना पाहते? या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधल्यावर 'मठ्ठ' आणि 'हट्टी' हे शब्द वापरण्याची वेळ फार थोड्या मुलांवर येईल, आणि त्या मुलांनाही मग शिक्क्यापेक्षा मदतीची अधिक गरज असल्याचे आपल्या ध्यानात येईल.